डावी बाजू

असीरगड मागे पडला तेव्हा अजून उजाडायचं होतं.
सातपुडा ह्यांच्या बाजूला, माझ्या बाजूला केळी,
आमच्या मुलखातली, उभी, हिरवी,
घडांना निळ्या पिशव्या, टोपडं घातलेल्या पोरांसारख्या.
अठ्ठावीस दिवसांनी
मी काच पूर्ण खाली केली.

क्लीनर हिंमतला कावीळ झाली म्हणून मी गेले होते.
"चलतेस का" असं काही हे म्हणाले नाहीत,
डाव्या सीटवरचा पाना उचलून नुसता मागे टाकला.
तेवढ्यावर मी स्वेटर शोधायला लागले.

उधमपूरला रस्ता नऊ दिवस बंद.
वर बर्फ, खाली ट्रकांची रांग,
रांगेत आम्ही, आणि आमच्या पाठीशी दहा टन केळी
आतल्या आत काळी पडत चाललेली.
थंडीचा चरका आधी सालीला कळतो,
मग वासाला, मग सावद्याला मालकाच्या फोनला.
पाचव्या दिवशी ताडपत्री सोडली.
वीस रुपये डझन, मग दहा,
मग घ्या हो, नुसती घ्या.
सगळी रांग केळी खात उभी होती.
एक म्हातारा सरदारजी रोज पितळी ग्लासात चहा द्यायचा,
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

परतीला जालंधरहून बॅटींचा माल.
तो इंदूरला उतरला. एक तडकलेली उरली,
ती इंदूबाईंच्या नातवाला.

किल्ली त्यांच्याकडेच होती.
"नळ कालच येऊन गेला," म्हणाल्या,
पाहुण्याची चुकामूक झाल्यासारखं.
चार हंडे त्यांनी भरून ठेवले होते, ते मग सांगितलं.
घरात कॅलेंडर डिसेंबरातच थांबलेलं,
दुधाच्या खुणा नऊ तारखेपर्यंत.
पान फाडलं तर खाली
पूर्ण जानेवारी कोरा.

विरजण वाटीभर मागून आणलं.
ह्यांच्या बनियनला तीन पाण्यांनंतरही डिझेल.
दोरीवर आमचे लोकरी मोजे लोंबत राहिले
आणि गल्ली हसत राहिली,
कारण आमची थंडी ती काय,
दहा वाजेपर्यंत शाल, मग सावली बघा.

दुपारी मालक आला. भाड्यातून नुकसान वजा,
नुकसानातून ओळख वजा.
हातचा घ्यायला तो विसरला होता, मी दाखवला.
त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
"वहिनी, तुम्ही पण गेल्या होत्या का?"

संध्याकाळी मागच्या दारी तुराट्या पेटवल्या.
वांगी फुटायला लागली तशी मला आठवण झाली
की महिनाभर मी कशालाच हातानं चेचलं नव्हतं.
मिरच्या, लसूण, वर कांद्याची पात, तेलाची धार.
कळण्याच्या भाकरी ह्यांनी किती खाल्ल्या
ते मोजलं नाही.
बोललेही नाहीत. घाटातही असेच गप्प असतात.

फक्त जमीन अजून थांबत नाही.
ओट्याशी उभी राहिले की पायाखालून खडखड जाते.
पिठाच्या गिरणीपाशी वळणावर
एक मोटरसायकल आली, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं
"लेफ्ट क्लिअर!"
गिरणीवाल्याचा पट्टा तेवढा चालू,
बाकी सगळे गार.

रात्री ह्यांना झोप नाही.
शांतता फार आहे, म्हणाले.
उठून निंबाखाली गाडीत जाऊन बसले,
काचेआड विडीचा लाल ठिपका
जायचा, यायचा.
मी पलंगावर डाव्या कडेला पडून होते, सवयीनं.

दोनच्या सुमारास दार वाजलं.
अंधारात पाय चाचपडत आले,
हंड्याला लागले, थांबले.
झोपेतच मी म्हणाले म्हणे,
येऊ द्या, येऊ द्या,
थोडं उजवीकडे कापा,
येऊ द्या,
बास.

परवा नळ आहे.