दाराच्या आतल्या कडेला

डाव्या कुशीत बदामाचं झाड घुसलेली एक मस्टँग,
साल ब्याण्णव. इंजिन शाबूत.
भंगारवाला म्हणाला, सहाशे डॉलर, तारांचं जंजाळ फुकट.
मी म्हटलं, आधी तारा दाखव.

वडिलांची व्होल्वो चौऱ्याऐंशीची, चौकोनी, पाव ठेवायच्या डब्यासारखी.
लॉस एंजेलिसच्या वाटेवर घाट लागतो,
तिथे तिला धाप लागायची.
कांद्यांचे ट्रक आम्हाला मागे टाकून जायचे
आणि वडील काच वर करून घ्यायचे,
जणू कांद्यांच्या वासामुळेच.
तीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस,
त्याला कांद्यांनी मागे टाकावं!

कायदा म्हणतो, मोठं इंजिन घाला, खुशाल घाला,
पण नवरी एकटी येत नाही, पाठराखणीही आणा:
धुरात ताजी हवा फुंकणारा पंप,
पेट्रोलची वाफ गिळणारा कोळशाचा डबा,
पोटाखालचं कॅटलिटिक, त्याआधीचा ऑक्सिजन सेन्सर,
आणि थोडा धूर परत इंजिनात वळवणारी झडप,
जिची रबरी नळी करंगळीहून बारीक.

दोन हिवाळे गेले.
डॅशबोर्डमागे डोकं घालून मी एकेक तार जुळवली,
हिरवीला हिरवी, तपकिरीवर पांढरी रेघ तिला तसलीच.
वडील स्टुलावर बसून संत्री सोलत.
"डेल्फिना, आमच्या वेळी कॅटलिटिक काढायचं,
सरळ नळी ठोकायची. गाडी गायला लागायची."
"आणि डोंगर दिसायचे?"
"डोंगर तेव्हाही दिसत नव्हते."
ते खरंच होतं.
तुलारेतून सिएरा दिसायला हवा,
आम्हाला तो कॅलेंडरवर दिसतो.

फ्रेस्नोच्या कॉलेजात, मागच्या शेडमध्ये, रेफरी बसतो.
नाव लेव्हॉन, चष्मा दोरीला, बूट चकचकीत.
त्याने गाडी रोलरवर घेतली,
शेपटाच्या नळीत दुसरी नळी सारली.
ताशी पंधरा मैल. मग पंचवीस.
गाडी जागच्या जागी धावत होती
आणि माझ्या पोटात गोळा.
कार्बनचे आकडे गुणी मुलांसारखे खाली बसलेले.
नायट्रोजनचा आकडा मात्र
मर्यादेच्या दुप्पट.

लेव्हॉन वाकला. बोटांनी नळ्या चाचपत गेला,
डॉक्टर पोट चाचपतात तसा,
आणि त्या करंगळीएवढ्या नळीशी थांबला.
टोक उपसलं, चिमटा घातला,
तळहातावर आला एक छर्रा.
सायकलच्या चाकातला. चकचकीत.
"हा कारखान्यातून आलेला नाही," तो म्हणाला.

मी वडिलांकडे पाहिलं.
वडील शेडच्या छताकडे बघत होते,
तिथे कबुतरसुद्धा नव्हतं.

परतताना नव्व्याण्णव नंबरच्या रस्त्यावर पाऊण तास
कोणी बोललं नाही.
सेल्मा गेलं, किंग्जबर्ग गेलं.
मग ते म्हणाले, "चढावर थोडा जोर मिळतो त्याने."
मी म्हटलं, "आठ सिलिंडर आहेत, पापा.
अजून किती जोर हवाय?"
त्यांनी खिशातून इनहेलर काढला,
एक फुंकर घेतली,
आणि काच वर करून घेतली.

नळी नवी घातली, दीड डॉलरची.
पुढच्या मंगळवारी आकडे निमूट बसले.
लेव्हॉनने दाराच्या आतल्या कडेला चिठ्ठी चिकटवली,
अंगठ्याने दाबून तिच्यातला बुडबुडा काढला.
मग कागद न वाचताच वडिलांना म्हणाला,
"पंच्याऐंशीत मीही लावायचो. गोल्फच्या खुंट्या."
दोघं हसले. मला नाही हसू आलं.

आता घाटात कांद्यांचे ट्रक मागे पडतात.
वडील काच खाली ठेवतात, कोपर बाहेर.
छर्रा त्यांनी टाकला नाही, ॲशट्रेत ठेवलाय.
प्रत्येक वळणावर तो घरंगळतो,
टिक्,
आणि ते रेडिओचा आवाज वाढवतात.