माप

सातची गोळी. मग पाऊण तास नुसतं पाणी.
दूध नाही, दही नाही, रात्रीच्या वरणाचा घोटसुद्धा नाही.
नर्स मॉरीनने पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं होतं:
आतड्याला एक दार, मेंदूला एक दार,
दोन्हीकडे तीच झुंबड.
गोळी म्हणजे तरी काय, अमिनो आम्लच,
डाळीतल्या, माशातल्या आम्लांचं सख्खं भावंड.
ल्युसीन, टायरोसीन, फेनिलॲलानिन.
नावं मी पाठ केली, सासरी आल्यावर
चुलत जावांची केली होती तशी.

या ग्रिम्सबीत पोस्टातसुद्धा कुणी रांग मोडत नाही.
आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही.
ह्यांच्या रक्तातच काय ती धक्काबुक्की.

एकतीस वर्षं हे गोदीवरच्या बर्फाच्या कारखान्यात.
अंगाला कॉडचा वास, खिशात पाना,
आणि हात असे, की दाबमापकाचा काटा
त्यांना बघून स्थिर व्हावा.
आता कप बशीवर
कडकट्ट कडकट्ट तार पाठवत बसतो. कुणाला, कोण जाणे.

मासे फक्त रात्री. नियम माझा.
रात्री अडखळले तरी पलंग जवळ असतो.
पण रविवारी ट्रेव्हर आला, ताजे दोन हॅडॉक घेऊन,
आणि हे पुटपुटले, "आत्ता."
मी घड्याळ पाहिलं. मग रवा काढला.
जेवले. काटे स्वतः काढले, एकेक.

दीड वाजता बागेत जायला उठले
आणि स्वयंपाकघराच्या दारात थिजले.
तळवे फरशीला चिकटलेले,
नजर बाहेर, दोरीवरच्या चादरीवर.
ढकलू का, ट्रेव्हर म्हणाला.
नको. दारात अडलेल्याला ढकलत नाहीत.

मी माझं पाऊल आडवं ठेवलं त्यांच्यापुढे.
ओलांडा, म्हटलं.
सपाट जमीन त्यांना अडवते, अडथळा वाट देतो,
हेही मॉरीननेच शिकवलेलं.

मिरजेत ह्यांच्या उंबऱ्यावर मी माप लवंडलं
तेव्हा तांदूळ पार ओसरीपर्यंत गेले होते.
हसले होते सगळे.
इथे नुसतं पाऊल. सुजलेलं, लोकरीच्या मोज्यातलं.

बघत राहिले.
मग उजवा पाय गेला पलीकडे,
डाव्याची बोटं मात्र माझ्या मोज्याला घासली.

बाहेर उन्हात पोचल्यावर
त्यांचा हात निघाला, आधी माझ्या दिशेने खाली,
मग वर, कपाळाकडे.
पोचायला वेळ लागला.

ट्रेव्हरला वाटलं, घाम पुसताहेत.