आठ वाजता

झारागोझात त्या वसंतात रोज रात्री आठला
आमची अख्खी गल्ली टाळ्या वाजवायची.
वरच्या मजल्यावरची एउलोखियाबाई पळी आणि पातेलं घेऊन,
समोरचा खाटीक दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत.
आणि जिच्यासाठी हे सगळं, ती बेगोन्या
आमच्याच जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत असायची.
रात्रपाळी. इस्पितळाच्या फरश्या. दहा तास.

इसार्बे सात वर्षांची.
तिचा हिशेब सरळ होता :
टाळ्या वाजतात, आई जाते.
म्हणजे टाळ्याच नेतात आईला.

पावणेआठपासून तिच्या पोटात दुखायचं.
हात धुऊन धुऊन पेरांवरची कातडी फाटलेली.
साबणाला काय बोलणार? आम्हीच शिकवलेलं,
वीसपर्यंत मोजायचं म्हणून.
ती दोनशेपर्यंत जायची,
चुकली की पुन्हा एकपासून.

मी बापाला येते ती सगळी भाषा वापरून पाहिली.
काही होत नाही गं.
शहाणी ना तू?
सगळ्यांच्या खिडक्यांत असतं तसं इंद्रधनुष्य काढ बघू एक.
तिनं काढलं. सातही रंग नीट, रेषेबाहेर न जाता,
आणि खाली, चित्रकार सही करतो तिथं,
टीव्हीवर त्या दिवशी सांगितलेला आकडा.

एका गुरुवारी टाळ्या सुरू झाल्या आणि ती सापडेना.
पलंगाखाली नाही, न्हाणीत नाही.
कपाटात होती, आईच्या हिरव्या ओव्हरकोटामागे,
कानांवर तळवे दाबून.
बाहेर ये, म्हणणार होतो.
पण बाहेर तरी होतं काय?
मीच आत शिरलो.
नव्वद किलोंचा माणूस, गुडघे हनुवटीला टेकलेले,
फळी कुरकुरली, डांबरगोळ्यांचा वास,
दार ओढून घेतलं.

बराच वेळ दोघं नुसते श्वास घेत होतो.

"आई मरेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो.
महिन्याभरात तिच्याशी खरं बोललो ते हे पहिलं.
वाटलं, आता फुटेल. नाही फुटली. उलट जरा सरकून बसली.
"मग माहीत काय आहे?"

माहीत आहे की तिच्याकडे दोन मास्क आहेत, एक कालचाच.
माहीत आहे की तिनं मसूर खाल्ली, दोनदा वाढून घेतली.
दहाला ती फोन करणार आहे.
आणि कपाटाची ही फळी
आज रात्री मोडणार आहे.

हसली नाही. विचारलं, "तू घाबरतोस?"
हो.
"कुठं?"
डॉक्टर विचारतो तसं. कुठं.
इथं, गळ्याखाली. टाय फार घट्ट बांधल्यासारखं.
"मला पोटात," ती म्हणाली,
आणि माझ्या गळ्यावर हात ठेवला,
चिरलेला, साबणाचा वास येणारा.

बेगोन्या रोज परत आली. हे आज सांगता येतं.
तेव्हा कपाटात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

एप्रिलअखेर मुलांना परवानगी मिळाली :
एक तास, एक किलोमीटर.
खाली रस्ता स्कूटरींनी, हाकांनी भरून गेला.
इसार्बे तिसऱ्या पायरीवर बसली आणि उठेना.
मीही बसलो. तास तिथंच संपला.
दुसऱ्या दिवशी टपालाच्या पेट्यांपर्यंत.
तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर एब्रोवरून येणारा तो आमचा वेडा वारा
फाडकन तिच्या तोंडावर आला.
"थोबाडीत मारली मला!" ती ओरडली,
भांडायला म्हणून बाहेर पडली.

आता ती तेरा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते.
शाळेच्या कार्यक्रमात पडदा पडतो, लोक टाळ्या वाजवतात,
ती क्षणभर माझ्याकडे बघते.
मी गळ्याला हात लावतो.
ती पोटाला.
मग आम्हीही वाजवतो,
इतरांपेक्षा जरा उशिरा.