जामीनदार

एकतीस वर्षं मी कर्जखात्यात काढली.
जांभळी नाक्याजवळची सहकारी बँक, पहिला मजला,
खाली भाजीबाजार, वर रबरी शिक्के
आणि बोट भिजवायला ओला स्पंज.
माणूस समोर बसला की मान वर न करता विचारायचे,
जामीनदार कोण?
दोन हवेत. पगाराची स्लिप. सही इथं, इथं, आणि मागं.

आता दर गुरुवारी चेंदणीला जाते.
ॲग्नेस परेराच्या झेरॉक्स दुकानामागं एक खोली आहे,
तिथं आम्ही सहाजण एक अहवाल मराठीत आणतोय.
तीनशे बारा पानं.
खाडीकाठ सुधारणार आहेत म्हणे,
पैसा सातासमुद्रापलीकडच्या बँकेचा.
रेहान मुकादम मुंब्र्याहून येतो
आणि आल्याआल्या पंखा बंद करतो. पानं उडतात.

सत्तेचाळिसाव्या पानावर अडलो.
स्टेकहोल्डरला मराठीत काय?
हितसंबंधी, मी म्हटलं.
शिवी वाटते, रेहान म्हणाला.
भागधारक म्हणावं तर लोक लाभांश मागतील.
द्वारका नाखवा रिकाम्या टोपलीला टेकून ऐकत होती.
"ज्याचे दारान पानी येल, तो. तसाच लिव."
तसंच लिहिलं.
एकशे नऊ ठिकाणी.

तिनंच मग विचारलं, तिकडं मतं कशी घेतात?
पैशाच्या वजनावर, रेहाननं सांगितलं.
ज्यानं जास्त घातला त्याचा हात जड.
एक देश तर असा, की तो एकटा नको म्हणाला
तर नियमपुस्तकातलं एक पान हलत नाही.
द्वारकानं तराजू उचलल्यासारखा हात केला,
खाली ठेवला.
"आमचे गावकीन घरटी एक हात.
मोठे बोटीवाल्याचा हात काय मोठा नाय होत."
रेहाननं हे इंग्रजीत टिपून घेतलं,
वाचून पाहिलं, आणि खोडलं. तिथं ते गोड वाटत होतं.

दोनशे तीन पानावर, तळटिपेत,
मला माझा जुना शब्द भेटला.
हमी. केंद्र सरकारची.
कर्ज बुडालं तर फेडणार कोण, तर आपण सगळे:
द्वारका, ॲग्नेस, जांभळी नाक्यावरचा लिंबूवाला,
अजून न जन्मलेली माझी नात.
मी सवयीनं पान उलटून मागं पाहिलं.
सह्या नव्हत्या.

गणपत वायंगणकर आठवला.
मेहुण्याला जामीन राहिला, मेहुणा पळाला,
आणि हा सात वर्षं दर महिन्याला हप्ता घेऊन जिना चढला.
एकदा म्हणाला, माझी नुसती सही होती, बाई.
सहीच असते, मी म्हटलं होतं,
स्पंजवर बोट टेकवत.
हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही.

तक्रार ऐकायला त्या बँकेचं एक वेगळं दालन आहे.
त्यांची अट वाचून मला हसू आलं.
बाधित व्यक्ती किमान दोन.
माझं घर नौपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर,
माझी सही चालत नाही.
द्वारकानं केली, नाव जोडाक्षरासकट.
दुसरी तीन गुरुवार मिळाली नाही.
कुणाचा मुलगा कंत्राटदाराकडं लागलेला,
कुणी म्हणालं, लग्न होऊ दे.

रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या सकाळी,
पडद्यावर एक मुलगी आली, छान हसरी,
मागं कुंडीत हिरवं झाड.
विचारलं, तुम्ही नेमकं कुणाचं प्रतिनिधित्व करता?
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
ॲग्नेस म्हणाली, जरा थांबा, गिऱ्हाईक आलंय.

गिऱ्हाईक नव्हतं.
काशिनाथ ठाणेकर होता, जाळं विणता विणता उठून आलेला,
दोऱ्याचा तुकडा अजून दातात.
कुठं करू, म्हणाला. सही येत नाही.
मी शाईचा पॅड उघडला,
त्याचा अंगठा धरला, डावीकडून उजवीकडं फिरवला,
जसे एकतीस वर्षं फिरवले.
फक्त या वेळी मान वर होती.
बाजूला लिहिलं:
डाव्या हाताचा अंगठा.
माझ्यासमक्ष.