माजी

माझ्या वाट्याचं दार पश्चिमेचं.
जड, पितळी मुठीचं. नेब्रास्काचे सगळे कायदे
कधी ना कधी माझ्या पाठीमागे झाले.
सेनेटरांना आत सोडायचं, बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या
घडी न मोडता आत पोचवायच्या.
एवढीच नोकरी. एकोणीस वर्षं.

व्हर्लिन कुबिचेक पहिल्यांदा आला तेव्हा
दार ढकलत राहिला. ते ओढायचं असतं.
"शेताच्या फाटकाची सवय," म्हणाला, आणि लाजला.
नखांत वंगण, टायची गाठ बायकोच्या हातची,
बगलेत लोणच्याची बरणी.
बरणीत विहिरीचं पाणी.

स्वच्छ दिसायचं.
तेच तर, तो म्हणायचा, दिसतं स्वच्छ.
नायट्रेटला ना रंग, ना वास.
त्याच पाण्यात बाळाचं दूध कालवतात
आणि एके सकाळी ओठ निळे.
कुणाचं बाळ, ते सांगायचा नाही.
त्या घरच्यांना शब्द दिला होता.

चार वर्षं त्याने तो शब्द सांभाळला,
शेजारी गावाला गेला की त्याची गाय सांभाळावी तसा,
वेळच्या वेळी, कुरकुर न करता.
वर्षाला बारा हजारांचा पगार. दुरुस्तीचं दुकान
मेहुण्याने चालवलं, म्हणजे बुडवलं.
विधेयक समितीत एका मताने पडलं.
ते मत ज्याचं, तो त्या दुपारी
दाढ दाखवायला गेला होता.

बरणी टेबलावरच राहिली.
संध्याकाळी मी उचलली, कुंडीत ओतायला म्हणून वाकवली
आणि थांबले.

नोव्हेंबरात तो दोनशे बारा मतांनी हरला.

पुढच्याच्या पुढच्या जानेवारीत पुन्हा दिसला.
कोट नवा, गाठ स्वतःची. छातीवर बिल्ला: लॉबिस्ट,
त्याखाली खतवाल्यांच्या संघाचं नाव, बारीक अक्षरांत.
मूठ त्याने ओढली, या खेपेस बरोबर ओढली,
आणि मलाच म्हणावं लागलं:
"सर, इथून नाही."

माजी म्हणवणाऱ्याला थोडा माज असतो.
त्याला नव्हता. बाकावर बसायचा,
गुडघ्यावर कागद ठेवून चिठ्ठ्या लिहायचा,
माझ्या मुलीच्या परीक्षा त्याच्या लक्षात असायच्या.
डोरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, छप्पर नवं झालं,
मेहुण्याचं कर्ज फिटलं.
दिलेल्या शब्दाचं काय झालं, मी विचारलं नाही.
आता तो शब्द टाकायचा.
इथे एक, तिथे एक. हलक्या हाताने.

यंदा त्याच्याच जागेवर ग्रिसेल्दा ओलिव्हास आली.
मांसाच्या कारखान्यात आई, वडील, दोन काका.
तिने दार ढकललं.
तिच्या बगलेत बरणी होती.

त्याची चिठ्ठी मीच नेली: दोन मिनिटं. व्ह.
ती बाहेर आली. खांबाआड उभे राहिले दोघं.
मी ऐकत नव्हते. संगमरवर मात्र आवाज गिळत नाही.
"गुरुवारी," तो म्हणाला, "समितीत कुणाची तरी दाढ दुखेल."

सावध करत होता तिला,
की निरोप देत होता,
हे एकोणीस वर्षांच्या कानांनाही कळलं नाही.
तिलाही नसावं. नुसती बघत राहिली,
त्याच्या टायकडे.

गुरुवारी एक खुर्ची रिकामी.
मार्च संपत आला होता, प्लॅट नदीवरचे क्रौंच
उत्तरेला निघाले होते, त्यांचा गलका
बंद काचांतूनही आत येत होता.
तो बाकावरून उठला, कॉफीचा कागदी पेला चुरगळला,
माझ्याजवळ आला. वाटलं, चिठ्ठी असेल.

"माझी ती बरणी," म्हणाला, "तूच उचललीस ना तेव्हा?"
"हो."
"काय केलंस तिचं?"
"ओतून टाकली," मी म्हटलं. "धुऊन ठेवलीय."

खोटं बोलले.
भरलेलीच आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत,
झाकण घट्ट.
स्वच्छ दिसते.