दार लोटलेलं होतं

रामबागेतल्या हेमलता दिघे
तक्रार टाइप करून घ्यायला आल्या,
म्हणाल्या, आधी चपलांचं लिहा.

सीतलामाता बाजारातलं साड्यांचं दुकान,
गादीखाली काढून ठेवलेल्या चपला,
आणि वर माळ्यावर गठ्ठ्यांची खोली.
एक माहेश्वरी कमी भरली
म्हणून तिथे यांना बसवून ठेवलं.
पावणेतीन तास.

कुलूप? नव्हतं.
कडी? होती, लावली नव्हती.
हात धरला कुणी? नाही हो.
दाराशी स्टुलावर एक पोरगा होता,
फॉलच्या गुंडाळ्या मोजत.
ह्या उठल्या तेव्हा एवढंच बोलला:
"आंटी, भिया को आने दो, फिर चली जाना."

चपला खाली. फोन गल्ल्यात.

इंदूरच्या कोर्टाबाहेर बत्तीस वर्षं टाइप करतोय.
इथे याला सदोष परिरोध म्हणतात.
बाईंनी शब्द दोनदा उच्चारून पाहिला
नव्या कवळीसारखा.
"सदोष म्हणजे दोष माझा?"
नाही, ठेवणाऱ्याचा.
"आणि परिरोध?"
मी टेबलावरचं चहाच्या ग्लासाचं ओलं कडं दाखवलं.
एकीकडून अडवलं तर नुसता अवरोध,
माणूस दुसऱ्या गल्लीनं जातो.
हे असं, चहूकडून.

पुस्तकात 'क' हा 'य'ला
भिंतींच्या आत घालतो, कुलूप लावतो.
नाहीतर दारांवर बंदूकवाले बसवतो.
'य'ला घाम येत नाही,
'य'ला लघवीला जायचं नसतं.
इतक्या वर्षांत 'य'चं आडनाव
मी कधी विचारलं नव्हतं.

समोरचे वकील म्हणणारच,
दार लोटलेलं होतं, साहेब,
बोट लावलं असतं तरी उघडलं असतं.
बाई गेल्या का नाहीत?

हेमलताबाई गप्प. खरोखर आठवत होत्या.
"गेले असते," म्हणाल्या,
"तर चोर पळाली, असं झालं असतं."

मी ते तसंच टाइप केलं.
मग खोडून 'बदनामीच्या भीतीने' घातलं,
कायद्याला तसं बरं दिसतं.
मग तेही खोडलं.

साडी तिसऱ्या दिवशी सापडली,
दुसऱ्याच गठ्ठ्यात.
दुकानातून मिठाईचा डबा आला,
तो अजून फ्रिजवर आहे, न सोडलेला.

सही झाली. साठ रुपये मोजून दिले.
माझ्या टपरीला दार नाही,
दोन बांबू आणि ताडपत्री.
तिथवर जाऊन त्या वळल्या.
आपल्यात निघताना 'येते' म्हणतात.
त्यांनी विचारलं, "जाऊ का?"
आणि थांबून राहिल्या.