बारा बाय अठरा

आर्णीच्या स्टँडमागं माझा स्टुडिओ.
कौतिकाबाईनं फ्रेम आधीच आणलेली,
फोटो मात्र मोबाईलात:
लग्नाची पंगत, वाढप्याच्या कोपराआडून
अर्धा दिसणारा नवरा,
तीन फोनांतून फिरून पुसट झालेला.

मी ताणला.
गालाचे चौकोन झाले, डोळ्यांचे दोन ठिपके.
मग कॉम्प्युटरनं डोळे भरले, टपोरे, सारखे.

"हे डोये त्याईचे नाईत, भाऊ.
डावा जरासा बारीक होता."

पुसले.
जेवढा होता तेवढाच छापला,
बसच्या तिकिटाएवढा,
कोपर, द्रोण, सगळ्यासकट.
फ्रेमच्या मधोमध चिकटवला, भोवती कोरा कागद.

तिनं फ्रेम लांब धरली, जवळ आणली.
"हां," म्हणाली,
"आता जेवून राह्यले."